नाही म्हणता आलं असतं का?

तुमचा प्रश्न वाचला आणि एक दिवस तसाच ठेवला, कारण पहिल्या वाचनात मी त्याचं उत्तर फार पटकन देऊन टाकलं असतं. इतरांना समजावं म्हणून आधी तो थोडक्यात सांगते.

तुम्ही घणसोलीत राहता, वय ३४, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीत नोकरी. पूरग्रस्तांसाठी सगळ्यांचा एक दिवसाचा पगार कापणार, ज्यांची हरकत असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत एचआरला कळवावं, असा कंपनीचा मेल आला. तुम्ही कळवलं नाही, पगार कापला गेला. सोसायटीने गणपतीसाठी २५०१ रुपये मागितले आणि ज्यांचे आले नाहीत त्यांचे फ्लॅट नंबर ग्रुपवर टाकले. साताऱ्याकडे गावी वडिलांनी देवळाच्या सभामंडपासाठी तुमच्या वतीने ५१,००० कबूल करून टाकले. आणि जिथे तुम्ही आपणहून दिलंत, म्हणजे घरकाम करणाऱ्या मावशींच्या मुलीला बारावीनंतरच्या फीसाठी १०,००० रुपये, तिथे तिने त्यातून मोबाइल घेतला. शेवटी तुम्ही विचारलंय: माझ्या पैशावर माझं स्वातंत्र्य आहे की नाही, असं दिलेलं दान हे दान असतं का, आणि आता हे सगळं बंदच करून टाकू का?

मी ठाण्यात नौपाड्यात राहते. १९९४ ते २०२१ अशी २७ वर्षं ठाणे आणि नवी मुंबईतल्या दोन धर्मादाय रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेविका होते. ज्याच्याकडे बिलाचे पैसे नाहीत त्याचं रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा दाखला बघून अर्ज तयार करायचा, तो ट्रस्टांकडे पाठवायचा, दात्यांना फोन करायचे, रक्तदान शिबिरं लावायची, आणि किडनी द्यायला आलेल्या नातेवाइकाशी दार लावून एकट्याने बोलायचं, असं ते काम. एकाच टेबलाच्या अलीकडे देणारे बसायचे आणि पलीकडे घेणारे. दान म्हणजे काय हे मला जे थोडंफार कळलं ते त्या टेबलावर.

तुमची मिळकत, डोक्यावरचे हप्ते, वडिलांशी असलेलं नातं, ऑफिसात वेगळं वागणाऱ्याला कसं बघतात, यातलं मला काही माहीत नाही आणि पुष्कळसं उत्तर त्यावरच अवलंबून आहे. म्हणून किती द्यावं आणि कुणाला द्यावं हे मी सांगणार नाही. पण तुम्ही चार वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्यात आणि पहिल्या तिघांचा राग चौथीवर निघतोय, असं मला वाटतं. ती पिशवी आधी रिकामी करू.

मी नोकरीला लागले त्याच वर्षी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला. जिवंत माणसाने अवयव द्यायचा तर त्याची संमती स्वतःची, मोकळ्या मनाने दिलेली हवी, हे त्याच्या मुळाशी आहे. जवळच्या नात्यात नसलेला दाता असेल तर प्राधिकार समिती बसते आणि यात पैसा नाही ना, दडपण नाही ना, हे तपासते. माझं काम त्याही आधीचं. आई, बहीण, नवरा, बायको, जो कोणी द्यायला आला असेल त्याला घरच्यांपासून वेगळं बसवायचं आणि बोलतं करायचं.

एक बाई आली होती, धाकट्या भावाला किडनी द्यायला. लग्न होऊन सासरी नांदत होती, दोन मुली. तपासण्या सगळ्या जुळल्या होत्या. बाहेर आई आणि दोन भाऊ बसले होते. मी नेहमीचे प्रश्न विचारले आणि तिने नेहमीची उत्तरं दिली: माझा भाऊ आहे, मी नाही तर कोण देणार. मग मी विचारलं, "समजा तुम्ही नको म्हणालात, तर घरी काय होईल?" ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि म्हणाली, "माहेर तुटेल."

त्या दोन शब्दांवर आमच्या टीमने निर्णय घेतला. घरच्यांना एवढंच सांगितलं की या दाता म्हणून योग्य नाहीत. कारण दिलं नाही. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर ही पद्धत मुद्दाम पाळतात, म्हणजे नको म्हणण्याचा बोजा त्या माणसाच्या डोक्यावर न पडता डॉक्टरांच्या डोक्यावर पडतो. ती बाई माझ्याकडे न बघता निघून गेली. तिचा भाऊ पुढे आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येत राहिला आणि दर वेळी मला कॉरिडॉरमध्ये भेटायचा. "मॅडम, काही जुळतंय का?" असं विचारायचा. मी हे लपवत नाही, कारण एकाच्या मोकळेपणाची किंमत पुष्कळदा दुसऱ्याला मोजावी लागते. तरीही आम्ही बरोबर वागलो असंच मला आजही वाटतं.

त्याच खोलीत एका आईला मी तोच प्रश्न विचारला होता. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी भलतंच काही बोलले. म्हणाली, "नको म्हणायचं असतं तर मुरबाडहून इथवर आले कशाला?" बहिणीची किडनी आणि आईची किडनी, शस्त्रक्रिया तीच. बहिणीला नको म्हणायची वाट बंद होती. आईला ती उघडी होती, पण तिकडे जायचंच नव्हतं. देशभरात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त आहेत. म्हणून कुणी बाईच्या त्यागाचं फार कौतुक करायला लागलं की मला आधी ती बंद खोली आठवते.

असं दिलेलं दान हे दान असतं का, या तुमच्या शंकेला माझं उत्तर इथून निघतं. दिलेल्या वस्तूला दान म्हणायचं की नाही हे रकमेवर ठरत नाही. नाही म्हणता आलं असतं का, यावर ठरतं. नाही म्हणता येत असताना हो म्हटलं, तर ते तुमचं दान. नसेल, तर ते कर असेल, वर्गणी असेल, घरातला खर्च असेल, कधी खंडणीही असेल. त्यातलं काही आवश्यकही असू शकतं. मी कर भरते आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. फक्त त्याला दान म्हणत नाही.

मोकळीक ही चैनीची गोष्ट आहे असं वाटत असेल तर रक्ताचं बघा. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला पैसे घेऊन रक्त देणारी माणसं रुग्णालयांच्या फाटकापाशी उभी असायची. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. कारण साधं होतं. ज्याला पैसे हवेत तो स्वतःचा आजार सांगत नाही. पण दडपणाखाली आलेला माणूसही तो सांगत नाही, हे मला एका शिबिरात कळलं. नवी मुंबईतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आपल्या विभागातल्या प्रत्येकाला रांगेत उभं करत होते आणि यादीवर टिक करत होते. एक मुलगा फॉर्म भरून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, मला मागच्या वर्षी कावीळ झाली होती, चालतं का?" फॉर्मवर त्याने काविळीसमोर नाही लिहिलं होतं, कारण सुपरवायझर शेजारीच उभे होते. त्या दिवसापासून आम्ही फॉर्मचं टेबल पडद्याआड ठेवायला लागलो. आत येऊन न देता मागच्या दाराने गेलं तरी कुणाला कळू नये, अशी सोय केली. संख्या थोडी घटली, पण येणाऱ्याचं लिहिणं खरं झालं.

आता तुमच्या कंपनीचा मेल. माझ्या कामात न बोलणं ही संमती कधीच धरली जात नव्हती. शुक्रवारपर्यंत हरकत कळवा, याचा अर्थ हरकत घेणाऱ्याने आपलं नाव पुढे करायचं आणि बाकीच्यांनी काही करायचं नाही. त्यांनी एवढंच उलटं करायचं होतं: ज्यांची इच्छा आहे त्यांनी कळवावं. पैसे कदाचित कमी जमले असते, पण जमले असते ते सगळे लोकांचे असते. एचआरला एक शांत मेल लिहा. रक्कम कुठल्या निधीत गेली, पावती माझ्या नावाची मिळेल का, आणि पुढच्या वेळी संमती आधी विचाराल का, असं विचारा. कंपनी हे सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायचा खर्च, म्हणून सांगत असेल तर तेही नीट विचारा. कंपनी कायदा २०१३ मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करायला सांगतो. तो खर्च कंपनीच्या पैशांतून व्हायचा असतो, तुमच्या पगारातून नव्हे. एका मेलने नोकरीत त्रास होईल असं वातावरण असेल तर मात्र गप्प बसा, एक दिवसाचा पगार गेला असं समजा आणि मनाला लावून घेऊ नका. हे तुमचं तुम्हालाच ठरवायचंय.

सोसायटीचं मी फार लांबवत नाही. देखभालीचा आकार आणि उत्सवाची वर्गणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्गणी ऐच्छिकच असते. सार्वजनिक मंडळांनाही वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. फ्लॅट नंबर ग्रुपवर टाकणं हा माणसाला लाज वाटायला लावण्याचा प्रकार आहे. सेक्रेटरींना भेटून तसं सांगा आणि गणपती तुम्हाला आवडत असेल तर पेलवेल तेवढी वर्गणी जरूर द्या. माझ्या इमारतीत मीही देते. आरतीला शेजारपाजार एकत्र येतो हे मला मोलाचं वाटतं.

तुम्ही घणसोलीत राहता म्हणून इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवी मुंबईतल्या कार्यक्रमांत, भाषणात, एक वाक्य वारंवार येतं: इथल्या भूमिपुत्रांनी शहरासाठी आपल्या जमिनी दिल्या. हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी संपादित करायचं ठरलं. घणसोली त्यातलंच एक गाव. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी चाललेल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, आणि त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ज्या जमिनीसाठी माणसं मेली तिच्याबद्दल 'दिली' हे क्रियापद वापरताना माझी जीभ अडते. आमच्या मदतीच्या अर्जात शेतजमीन असा एक रकाना असे. एका आगरी आजोबांना मी विचारलं, शेती आहे का. ते खिडकीबाहेरच्या इमारतींकडे बघत म्हणाले, "व्हती." मी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं, कारण दुसरं काही लिहायला जागा नव्हती. घेतलेल्याला दिलेलं म्हटलं की ज्याचं गेलं त्याला तक्रारही करता येत नाही, उलट त्याच्या उदारपणाचं कौतुक होतं. म्हणून शब्दांच्या बाबतीत मी इतकी हट्टी आहे.

वडिलांचं प्रकरण कंपनी आणि सोसायटी या दोन्हींहून नाजूक. त्यांनी तुम्हाला न विचारता ५१,००० कबूल केले ते तुम्हाला लुबाडायला नव्हे. त्यांच्या मनात मुलाचा खिसा आणि आपला खिसा अजून वेगळे झालेले नाहीत, आणि गावात शब्द दिला तो घराण्याचा. त्यांच्याशी 'माझा पैसा, माझं स्वातंत्र्य' या भाषेत बोलू नका. ती भाषा बरोबर असली तरी त्यांना ती तोडून टाकणारी वाटेल. माझ्याकडे एक मोठा व्यापारी देणगीदार यायचा. त्याच्या वडिलांनी गावात असाच शब्द दिला होता आणि याने तो फिरवला. गावाने त्याला काही म्हटलं नाही, पण म्हातारा पुढे पारावर बसायला गेला नाही. हे तो मला स्वतः सांगायचा, आणि सांगताना गप्प व्हायचा. तुम्हाला झेपत असेल तर यावेळचे पैसे द्या, दोन-तीन हप्त्यांत द्या, पण मनातल्या वहीत ते दानाखाली लिहू नका. वडिलांचा शब्द राखला, असं लिहा. तीही चांगली गोष्ट आहे, फक्त वेगळी. आणि समोर बसून सांगा की पुढच्या वेळी कबूल करण्याआधी मला एक फोन करा, मी बहुतेक हो म्हणेन, पण मला ते म्हणू द्या. झेपत नसेल तर आकडा आत्ताच सांगा, सभामंडप उभा राहिल्यावर नको.

इथवर बोललो ते सगळं देणाऱ्याच्या स्वातंत्र्याबद्दल. तुमच्या पत्रातला अर्धा प्रश्न मात्र त्या मुलीचा आहे, आणि मला तोच खरा महत्त्वाचा वाटतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत. कीर्तनात ते सगळ्यांनी ऐकलेले असतात, पण दोन शब्दांकडे माझं लक्ष नोकरीत असताना गेलं. राजस दानाला 'परिक्लिष्ट' म्हटलंय, म्हणजे मनाला क्लेश होत, जड हाताने दिलेलं. तुमची कंपनी आणि सोसायटी त्यात बसतात. तामस दानाला 'असत्कृत' आणि 'अवज्ञात' म्हटलंय, म्हणजे घेणाऱ्याचा मान न ठेवता, त्याला कमी लेखून दिलेलं. एक शब्द देणाऱ्याच्या मनाबद्दल, दुसरा घेणाऱ्याच्या मानाबद्दल. पहिला आपल्याला लगेच टोचतो, कारण तो आपल्याबद्दल असतो. दुसरा टोचायला मला दहाएक वर्षं लागली.

ज्या बाईमुळे तो टोचला ती शहापूरच्या पुढची. नवरा आमच्याकडे भरती होता. बिल योजनेतून आणि एका ट्रस्टमधून भागलं. घरी जाताना औषधांसाठी म्हणून मी एका देणगीदाराकडून ५,००० रुपये रोख मिळवून दिले. पंधरा दिवसांनी ती तपासणीला आली तेव्हा मी बिलं मागितली. औषधांची बिलं ३,००० च्या आसपासची होती. उरलेल्याचं भाताचं बियाणं घेतलं, म्हणाली. मी चिडले. तिला बरंच बोलले, लोक विश्वासाने देतात वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "ताई, अर्धी औषधं तुम्हीच कपाटातली काढून दिली होती, ती मी धरली. पाऊस आठ दिवसांवर होता. पेरणी चुकली असती तर ह्याला बरं करून खायला काय घालू?"

तिने मांडलेला हिशेब माझ्या हिशेबापेक्षा पक्का होता. मला फक्त औषधं दिसत होती, तिला वर्ष दिसत होतं. मोठे ट्रस्ट मदतीचा चेक बहुधा थेट रुग्णालयाच्या नावाने काढतात, गैरवापर होऊ नये म्हणून. त्यात तथ्य आहे, मी तशी फसवणूक पाहिलीही आहे. पण त्यामुळे बिल भरायला पाच ट्रस्ट सापडतात आणि कॉटखाली झोपणाऱ्या नातेवाइकाच्या दोन वेळच्या जेवणाला, एसटीच्या भाड्याला, घरी बांधलेल्या शेळीला बघणाऱ्या शेजाऱ्याला द्यायला काही सापडत नाही. २०२१ च्या जुलैत पुरानंतर चिपळूणला ठाण्याच्या काही जणांबरोबर गेले होते. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात पडलेले, आणि लोक फावडी, गमबूट, झाडू, ब्लीचिंग पावडर विचारत होते. आमच्याही गाडीत निम्मे कपडेच होते. तुम्हाला काय हवंय, हे निघण्याआधी आम्ही एकानेही विचारलं नव्हतं.

गरिबाच्या हातात पैसे दिले की ते दारू-तंबाखूत जातात, हे आपल्याकडे सहज बोललं जातं. जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी २०१४ साली निरनिराळ्या देशांतल्या रोख मदतीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तसा कल त्यांना आढळला नाही. माझ्या टेबलावरचा अनुभवही तोच. फसवणारे होते, पण थोडे. बाकीचे आपल्या अडचणी माझ्यापेक्षा चांगल्या ओळखत होते.

आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. अन्न खरोखर मिळायचं, कितीतरी माणसं त्यावर शिकली. पण माझे आजोबा असे वारावर जेवून शिकलेले होते आणि ऐंशीव्या वर्षीही त्यांना कुठल्या घरी कोणत्या वारी दुसऱ्यांदा भात वाढताना हात आखडायचा ते आठवत होतं. तुमच्या सातारा जिल्ह्यातच कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि मुलांना कमवा आणि शिका असं सांगितलं. त्यातली दूरदृष्टी मला आजोबांमुळे कळली. मूल शिकलं पाहिजे आणि शिकताना कुणापुढे वाकायलाही लागू नये, दोन्ही एकदम.

आणि फोटो. माझ्या पहिल्या नोकरीत एक मंडळ दर महिन्याला पाच रुग्णांना चेक द्यायचं आणि रुग्णाच्या हातात तो मोठा पुठ्ठ्याचा चेक धरून फोटो काढायचं. एका आईने फोटोच्या वेळी पदर तोंडावर ओढून घेतला. फोटोग्राफर म्हणाला, मावशी, चेहरा दिसू दे. तिने पदर खाली घेतला. तिला त्या चेकची गरज होती, तिला नाही म्हणता आलं नसतं. पुढे मी फोटो बंद करायचा नियम आणला, ते मंडळ नाराज झालं आणि सहा महिन्यांनी त्यांची मदत थांबली. त्या सहा महिन्यांनंतर ज्यांना मदत मिळाली नाही त्यांची मला आजही बोचणी आहे. तरी तो नियम मी पुन्हा केला असता.

आता मावशींची मुलगी. तुम्ही फी म्हणून १०,००० दिलेत आणि तिने फोन घेतला. तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं. ते मी समजू शकते, शहापूरच्या बाईवर मीही अशीच चिडले होते. पण बारावीनंतर काय काय लागतं ते बघा. प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन, फेऱ्यांचे निकाल ऑनलाइन, शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, प्रत्येक ठिकाणी आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी, कॉलेजच्या नोट्स व्हॉट्सॲपवर. घरात एकच फोन असेल आणि तो दिवसभर मावशींबरोबर कामावर जात असेल, तर ती मुलगी अर्ज कधी भरणार? शिवाय राज्य सरकारने २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली आहे. कदाचित तिला फी लागलीच नसेल. कदाचित तिने नुसता हौसेने फोन घेतला असेल. खरं काय ते तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत नाही, कारण तुम्ही तिला विचारलेलं नाही. तुम्हाला ते दुसऱ्याकडून कळलं.

तुमची कंपनी तुमचा पगार तुम्हाला न विचारता वापरते तेव्हा तुम्हाला राग येतो. तुम्ही दिलेले पैसे त्या मुलीने तुम्हाला न विचारता वापरले तेव्हाही येतो. दुसऱ्या रागाकडे जरा थांबून बघा, एवढंच माझं म्हणणं आहे. ते पैसे दिल्यावर तुमचे राहिले होते का? राहिले असतील, तर ते दिले नव्हते, तिच्याकडे ठेवायला दिले होते. तशी अट घालायला हरकत नाही, अटीची मदत वाईट नसते, मीही अनेकदा अटी घातल्या. पण अट आधी सांगावी, तोंडावर सांगावी, आणि समोरच्याला ती नाकारता यावी. फी हवी असेल तर थेट कॉलेजच्या खात्यात भरायची. मोकळे पैसे द्यायचे असतील तर हात मोकळा सोडायचा. आतून एक आणि बाहेरून एक, असं दिलं की दोघांनाही त्रास होतो.

करसवलतीचं तुम्ही विचारलं होतं. नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवरची आयकराची सूट (८०जी म्हणून ओळखली जाणारी) जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही. २,००० पेक्षा जास्त रोख दिली तर तीही धरत नाहीत. मावशींच्या मुलीला दिलेलं अर्थातच यात बसत नाही.

आणि बंद करू का, या शेवटच्या प्रश्नाबद्दल. सहा महिने बंद करून बघायला माझी ना नाही. काही देणगीदार मध्येच थांबत, मीच त्यांना सांगत असे की जड होत असेल तर थांबा, तुमचं नाव मी यादीतून काढते, बोलवायचं झालं तर तुम्हीच बोलवा. काही परत आले, काही आले नाहीत. जे परत आले त्यांच्याशी बोलताना मला कधी अवघडल्यासारखं झालं नाही.

थांबण्याआधी एक करा. मावशी कामाला येतील तेव्हा त्यांच्या मुलीचा नंबर घ्या आणि तिला फोन करा, त्याच फोनवर. प्रवेश कुठे मिळाला, कोणती शाखा घेतली, लोकलने जाते की बसने, हे विचारा. पैशांचं काढू नका. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.